पिन नको, टिचबटण नको

शालेय फुटबॉल स्पर्धेत सामन्याआधी पंच खेळाडूंची तपासणी करतात. मुली रांगेत उभ्या राहतात, पंच पुढून चालत जातात, नखं बघतात, नडगीला हात लावून शिनगार्ड आहे का ते चाचपतात, बुटाचा तळ वर करायला सांगतात, झालं. २०१९ च्या जुलैअखेर तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या रांगेपुढून पंच असेच चालले होते. नऊ नंबरपाशी थांबले आणि म्हणाले, "हे काढ."

हे म्हणजे डोक्यावरचा स्कार्फ. काळा, साधा, हनुवटीखाली एक पिन आणि कानांमागे दोन.

नऊ नंबर म्हणजे आमची लेफ्ट विंग. तिचं नाव लिहीत नाही. ती आता नोकरी करते, तिच्या नावाचं काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं. जर्सीवर नऊ होता, इथेही नऊच.

"सर, सरावाला ती असंच खेळते की."

"सरावाला खेळू दे. मॅचला डोक्यावर काही चालत नाही. फिफाचा नियम आहे."

फिफा म्हटल्यावर माझी बोलती बंद. मी मूळची खो-खोची. बी. पी. एड. करून शाळेत लागले, खो-खो आणि लंगडीवर निम्मी नोकरी काढली. मग एके वर्षी शाळेनं ठरवलं की मुलींचा फुटबॉल संघ पाठवायचा, आणि खेळाच्या बाई मी एकटीच, म्हणून फुटबॉल माझ्या गळ्यात आला. नियमांचं पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं. ऑफसाइड, थ्रो-इन, हँडबॉल एवढ्यावर भागत होतं.

"काढतेस का गं?" मी विचारलं. तिनं मान हलवली. नाही.

"बस मग."

हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे शाळेत ही गोष्ट 'पंचांनी बसवलं' अशी फिरली. पंचांनी स्कार्फ काढायला सांगितलं. बसवलं मी. वाद घालायला पाच मिनिटं मिळाली असती, ती मी घेतली नाही, कारण घालायला माझ्याकडे मुद्दाच नव्हता. आम्ही एक-शून्य जिंकलो, आणि गोल केला तो नेमका तिच्या जागी उतरवलेल्या पोरीनं. नऊ नंबरनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. वडापमधून परत येताना बाकीच्यांनी गाणी म्हटली, ती खिडकीशी बसून होती.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. ते एसटीत वाहक. आवाजात राग वगैरे काही नाही. "मॅडम, जिल्ह्याला पाठवू का नको, तेवढं सांगा फक्त. म्हंजे मला ड्युटी बदलून घ्यायची का नाही ते बघता येईल."

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते.

त्या रात्री पुतण्याकडून फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक मोबाइलवर उतरवून घेतलं. इंग्रजी. एकूण सतरा नियम, त्यातला चौथा खेळाडूच्या पोशाखाचा. चष्मा लावून, शब्दकोश शेजारी घेऊन बसले. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई आमच्याच गल्लीत राहतात, पण त्यांना उठवायची वेळ नव्हती.

डोक्यावरचं वस्त्र चालतं. स्पष्ट लिहिलं होतं. अटी अशा: ते काळं असावं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं असावं, एका संघात ज्या ज्या घालतील त्यांचा रंग एक असावा, नीटनेटकं असावं, जर्सीला शिवलेलं किंवा टाचलेलं नसावं, घालणारीला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होईल असं काही त्यात नसावं, उदाहरणार्थ गळ्याशी उघडझाप करणारं काही, आणि पृष्ठभागातून बाहेर आलेलं काही नसावं. एवढंच. मी ते आखीव ताव घेऊन मराठीत उतरवलं आणि दोनदा वाचलं. म्हणजे तिचा स्कार्फ चालत होता, तिच्या पिना चालत नव्हत्या.

मग पंच खोटं बोलले का? डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून शोधत गेले, आणि रात्री बाराच्या सुमाराला त्यांच्यावरचा माझा निम्मा राग उतरला. कारण ते म्हणाले तसा नियम एके काळी खरंच होता. २००७ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात अकरा वर्षांच्या एका मुलीला स्कार्फमुळे पंचांनी मैदानाबाहेर काढलं, तिचा अख्खा संघ स्पर्धा सोडून निघाला, आणि नियम ठरवणाऱ्या मंडळानं पंचांचीच बाजू घेतली. २०११ च्या जूनमध्ये इराणच्या बायकांचा संघ जॉर्डनमध्ये अम्मानला ऑलिंपिकची पात्रता फेरी खेळायला गेला, डोकी झाकलेली म्हणून सामना होऊ दिला नाही, तीन-शून्य हार लावली. त्यांची लंडनची वाट तिथेच बंद. मग जॉर्डनचेच राजपुत्र अली बिन अल हुसेन, तेव्हा फिफाचे उपाध्यक्ष होते, त्यांनी ही गोष्ट लावून धरली. २०१२ च्या जुलैत प्रयोग म्हणून परवानगी मिळाली आणि १ मार्च २०१४ ला कायमची. पुरुषांच्या पटक्यालाही त्याच दिवशी, त्याच वाक्यात.

आमचे पंच जुने. ते नियम शिकले तेव्हाचा नियम त्यांनी मला सांगितला होता. पाच वर्षं शिळा. आपल्याकडे नियम बदलला की परिपत्रक निघतं, परिपत्रक कुठल्या तरी फायलीला लागतं आणि मैदानावरच्या माणसाला ते कुणीही दाखवत नाही. माझं तरी काय वेगळं होतं?

पुस्तक मिटणार तोवर त्याच नियमातली वरची ओळ दिसली. सगळे दागिने निषिद्ध, काढलेच पाहिजेत. गळ्यातलं, अंगठी, हातातलं, कानातलं, चामड्याचा पट्टा, रबरबँडसुद्धा. आणि वर चिकटपट्टी लावून झाकलेलं चालणार नाही. पुस्तकात दोरा हा शब्द नाही, पण रबरबँड चालत नाही म्हटल्यावर मनगटातला दोरा कसा चालेल?

मी डोळे मिटून सकाळची रांग आठवली. ज्योतिबाचा दोरा, यल्लमाचा दोरा, राखीचा म्हणून आधीच बांधून ठेवलेला एक, नजर लागू नये म्हणून काळा गंडा, कुणाच्या तरी मामानं अजमेरहून आणलेला ताईत (हा नऊ नंबरचा नाही, आमच्या हिंदू गोलकीपरचा), आणि एकीच्या गळ्यात तुळशीची माळ. अकरांतल्या सात-आठ जणींच्या अंगावर देवाधर्माचं काही ना काही होतं. पंच त्या सगळ्यांपुढून चालत गेले. नियमात जे बसत होतं तेवढ्यावरच त्यांचं बोट पडलं. बाकी सगळं त्यांना दिसलं नाही. मलाही दिसलं नव्हतं, आणि मी तर वर्षानुवर्षं रोज बघत होते.

मी स्वतः लग्नानंतर खो-खोची एकच स्पर्धा खेळले. मंगळसूत्र टी-शर्टाच्या आतून सेफ्टी पिनेनं टाचून. खांब मारताना ते पोटावर ओरबाडलं, त्याचा वण बरेच दिवस होता. तेव्हा कुणी पंच मला 'हे काढ' म्हणाला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला पूर आला. त्या वर्षीचा पूर सांगली-कोल्हापूरकडच्या कुणाला वेगळा सांगायला नको. आमच्या शाळेत पूरग्रस्त राहायला आले, वर्गावर्गात चटया, व्हरांड्यात चुली, मैदानावर जनावरं. स्पर्धा पुढे गेल्या. असं म्हणू नये, पण मला त्या तीन-चार आठवड्यांचा उपयोग झाला.

पहिली गोष्ट, नऊ नंबरशी बोलले. तिच्या घरी नाही, शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी, दोघीच असताना. "हे तुला घालायचं असतं, का घालावं लागतं?" प्रश्न विचारायचा मला किती हक्क होता माहीत नाही, पण अर्जावर सही करणार होते मी, म्हणून विचारला. ती थोडा वेळ नळाशी चाळा करत राहिली. "माहीत नाही, मॅडम. सातवीपासनं आहे. आता काढलं की कानाला गार लागतं." मग म्हणाली, "पण खेळायचंय."

मला तेवढं पुरलं.

स्टाफरूममध्ये मात्र पुरलं नाही. डबे उघडले की विषय निघायचा. गणिताच्या सरांचा सवाल रास्त होता. आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, आपल्या पुण्याची सौम्या स्वामीनाथन इराणमधल्या हमादानला आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धेला जायला नाही म्हणाली होती, कारण तिथे बायकांना डोकं झाकायची सक्ती. कनिष्ठ गटातली माजी जगज्जेती पोरगी, पटावर समोर कोण आहे ते बघायचं सोडून डोक्यावर काय आहे ते बघत बसायचं. त्याआधी २०१६ मध्ये नेमबाज हीना सिद्धूनं तेहरानची स्पर्धा त्याच कारणानं सोडली होती. "तिचं बरोबर म्हणता ना, बाई? मग हिचं कसं बरोबर?"

मी म्हटलं, सर, तिला घाल म्हणाले, हिला काढ म्हणाले. दोघींना खेळायचं होतं तेवढं राहिलं. सरांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, खेळात सगळे सारखे दिसले पाहिजेत, म्हणून तर गणवेश. त्यांना मी २०१४ चं बास्केटबॉल सांगितलं. चीनमध्ये वुहानला आशियाई स्पर्धेत आपले अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पंचांनी पटका काढायला लावला. आजवर घालून खेळले होते, त्या दिवशी काढून खेळले. त्याच वर्षी इंचेऑनच्या आशियाई खेळांत कतारच्या बायका स्कार्फ काढणार नाही म्हणून सामना न खेळताच परत गेल्या. बास्केटबॉलनं नियम बदलला तो २०१७ मध्ये. सर म्हणाले, "पटक्याचं वेगळं." काय वेगळं, ते त्यांना सांगता आलं नाही. घंटा झाली.

हेडसरांनी त्यांच्या परीनं तोडगा काढला. गोलकीपरला टोपी चालते, फुल पँट चालते, मग तिला गोलकीपर करून टाका. नियमाच्या दृष्टीनं अगदी बिनचूक. फक्त मुलगी चार फूट दहा इंच आणि उजव्या-डाव्या कुठल्याही बाजूनं पळणारी, तिला जाळ्यापुढे उभी करायची! सर हसले, आणि अर्ज लिहा म्हणाले.

अर्ज. शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा. सोबत नियमाच्या त्या पानाची झेरॉक्स, माझं मराठी भाषांतर आणि स्कार्फचे तीन फोटो, पुढून, बाजूनं, मागून. क्रीडा कार्यालयात कारकून भले होते. त्यांनी अर्ज उलटसुलट करून बघितला. "बाई, वयाच्या दाखल्याची फाइल आहे, तक्रारीची आहे, प्रवासभत्त्याची आहे. हा कुठं लावू?" साहेबांनी वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, लेखी असं काही देता येणार नाही, मैदानावर पंचांचा निर्णय अंतिम, पण पोच घेऊन जा, आणि व्यवस्थापकांच्या बैठकीत आठवण करा, मी तिथे सांगतो. पोच मिळाली. त्या पोचेच्या कागदाचं मी लॅमिनेशन करून घेतलं. हसू नका, पाऊस होता.

आता मुख्य काम. पिनांशिवाय डोक्यावर राहील असा स्कार्फ. ऑनलाइन मिळत होते, मोठ्या कंपन्यांचेसुद्धा, पण त्या किमतीत आमच्या अख्ख्या संघाचे मोजे आले असते. म्हणून आमच्या शाळेचे गणवेश शिवणारे टेलर मास्तर. सत्तरीचे, आयुष्यभर पेटीकोट आणि शाळेच्या चड्ड्या शिवलेले. मी नियमाचा कागद मशिनवर ठेवला. ते म्हणाले, "वाचून दावा."

पहिला नमुना त्यांनी लेगिंगच्या काळ्या कापडाचा केला, माकडटोपीसारखा, आणि गळ्याशी टिचबटण. "म्हंजे घालाय-काढाय सोपं." मी म्हटलं, मास्तर, तेच नको, गळ्याशी उघडझाप करणारं काही नको. "का?" कुणी मागून धरून ओढलं तर गळ्याला फास बसेल किंवा बटण लागेल. मास्तरांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला आणि बटण उसवलं. बिनबटणाचा तो नमुना डोक्यातून उतरेचना. नऊ नंबरचं नाक अडकलं, ती आतून हसते आहे का गुदमरते आहे ते कळेना.

दुसरा सैल केला आणि मागे नाडी दिली. पळाली की तो कपाळावरून घसरून डोळ्यांवर यायचा. आणि नाडीची टोकं लोंबत होती. बाहेर आलेलं काही नको ही अट तिथे मोडत होती. शिवाय तिला ऐकू येईना. मी रेषेवरून 'मागे ये, मागे ये' ओरडते आहे आणि ही पुढे पुढे. आधी मला वाटलं मुद्दाम करते.

तिसरा जमला. कपाळाशी आतून रुंद इलॅस्टिक, कापड दोन्हीकडे ताणणारं, हनुवटीखाली शिवण नाहीच, आणि कानांवर जुन्या जर्सीच्या जाळीच्या कापडाचे दोन गोल. ही जाळीची अक्कल मास्तरांचीच. "कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या पायजेत बाईमाणसाला," म्हणाले. शिलाई एकशे वीस रुपये; दोन उसवल्याचे त्यांनी घेतले नाहीत.

पायाचा प्रश्न राहिलाच होता. शॉर्टच्या आत ती लेगिंग घालायची. त्यालाही नियम आहे: आतली लेगिंग शॉर्टच्या रंगाची हवी, आणि संघात ज्या घालतील त्या सगळ्यांची एकाच रंगाची. आमच्या शॉर्ट गडद निळ्या, तिची लेगिंग काळी. बाजारपेठेत निळ्या लेगिंगचे सहा प्रकार निघाले आणि आमच्या शॉर्टचा सातवा. मी शॉर्ट पर्समध्ये घालून दुकानं फिरले, उन्हात नेऊन नेऊन रंग लावून बघितला. एका दुकानात सापडली.

संघापुढे ती दाखवली, तर मागून एक हात वर. "मॅडम, आम्हालापण चालेल का?" मग दुसरा. मग मोजले, सात. नऊ नंबर सोडून सात, आणि त्यात मुसलमान एक नाही. मी विचारलं, का गं? एकमेकींकडे बघत बसल्या. शेवटी आमची सेंटर हाफ, जी कुणाला घाबरत नाही, ती म्हणाली, "कुंपणावर पोरं बसतात ना, मॅडम." इतकी वर्षं त्या पोरी आखूड शॉर्टमध्ये खेळत होत्या, खाली ओढत ओढत, आणि मी म्हणत होते, हात शॉर्टवरून काढा, चेंडूकडे बघा. पुढे २०२१ मध्ये वाचलं, नॉर्वेच्या बायकांच्या बीच हँडबॉल संघाला बिकिनीऐवजी शॉर्ट घातली म्हणून दीड हजार युरो दंड झाला, तेव्हा मला ही सेंटर हाफच आठवली. आठ निळ्या लेगिंग घेतल्या. हेडसरांनी पावती बघून 'क्रीडा साहित्य' या सदराखाली सही केली.

आणि मग दोरे.

मी मुलींना गोल बसवून चौथा नियम पूर्ण वाचून दाखवला. नऊ नंबरच्या वाट्याचा आणि बाकीच्यांच्या वाट्याचाही. शांतता. कुणी तरी म्हणालं, आजपर्यंत तर चालत होतं. मी म्हटलं, आजपर्यंत कुणी बघत नव्हतं. आता आपण कागद घेऊन जाणार, नियम दाखवणार, आणि आपल्याच हातात सात दोरे? पंच आधी तेच दाखवतील. आणि बरोबर करतील.

दोरे त्यामानानं सोपे गेले. दोघी-तिघींच्या आया शाळेत आल्या, एकीनं मला तोंडावर सुनावलं की त्या एकीसाठी तुम्ही सगळ्यांचे देव काढायला निघालात. मी तिला कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, कागद तुमच्याकडेच ठेवा. पण दोरा तिनं स्वतःच्या हातानं सोडला, कात्री लावू दिली नाही. गाठ ओली करून, दातानं. मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. प्रत्येकीचा दोरा कागदाच्या पुडीत, वर नाव. सामना झाला की परत. अजमेरचा ताईतही त्याच डब्यात, यल्लमाच्या शेजारी.

माळेचं तसं नव्हतं. ती मुलगी आमची राइट बॅक, घर वारकऱ्यांचं, आजोबा माळकरी. माळ गळ्यात पडली की उतरत नाही. मी त्यांच्या घरी गेले. आजोबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी सगळं सांगितलं. रबरबँडसुद्धा चालत नाही, पट्टी लावूनही चालत नाही, हे दोनदा सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "त्या मुसलमानाच्या पोरीला चालतंय म्हणता?"

"डोक्यावरचं कापड चालतं, आजोबा. तिच्या गळ्यात काही असतं तर तेही नसतं चाललं."

"हं." अजून दोन शेंगा. "का नाही चालत माळ?"

"कुणाची बोटं अडकली, ओढली गेली, तर गळ्याला कापेल. मणी फुटून डोळ्यात जाईल."

"माळ तुटली तर आम्ही दुसरी घातल्याबिगर पाणी पीत न्हाई," ते म्हणाले. "खेळू दे तिला. काढू दे. पर गळ्यात माळ न्हाई तवर तोंडात थेंब जायाचा न्हाई. जमंल का विचारा तिला." मुलगी दाराआड उभी होती. जमेल म्हणाली.

जिल्ह्याची स्पर्धा सप्टेंबरात झाली. सकाळी व्यवस्थापकांच्या बैठकीत साहेबांनी खरंच सांगितलं, एका वाक्यात, की डोक्यावरचं वस्त्र नियमात बसत असेल तर अडवू नये, आणि दागिने-दोरे काढून घ्यावेत. पहिल्या निम्म्यावर काही माना वळल्या, दुसऱ्या निम्म्यावर कुजबुज झाली. तालुक्याचे आमचे पंच तिथे होते, पुढच्या सामन्याला. मी त्यांना भाषांतराची झेरॉक्स दिली. त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. "आम्हाला असं कुणी कळवत नाही," म्हणाले. माफी वगैरे नाही, आणि मी ती मागायला गेलेही नव्हते.

आमच्या सामन्याचे पंच तरुण होते. रांगेपुढून चालत आले. नखं, शिनगार्ड, बूट. नऊ नंबरपाशी थांबले, मी लॅमिनेशन घेऊन एक पाऊल पुढे. त्यांनी स्कार्फच्या मागच्या कडेत दोन बोटं घालून बघितली.

"पिन?"

"नाही सर."

पुढे गेले. चार सेकंद. तेवढ्यासाठी दीड महिना. कागद मी पुन्हा पर्समध्ये ठेवला.

मग ते समोरच्या संघाकडे वळले आणि तिथे अडकले. मनगटं, मनगटं, मनगटं. त्यांच्या बाई म्हणाल्या, देवाचे आहेत. पंच म्हणाले, असतील, काढा. गाठी सुटेनात, दात लावले तरी सुटेनात. कात्री त्यांच्याकडे नव्हती, ती माझ्या पेटीत होती. नऊ नंबर पळत जाऊन देऊन आली. सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला.

मध्यंतराला शून्य-शून्य. मुली पाण्यावर तुटून पडल्या. राइट बॅक माझ्यापुढे येऊन उभी राहिली, दम लागलेली, बोलता येईना, नुसती हात पुढे करून. मी डब्यातून माळ काढून दिली. तिनं ती घातली, नमस्कार केला आणि बाटली तोंडाला लावली. अर्धी बाटली एका दमात. मग माळ काढून परत माझ्या हातात. माळ घामानं ओली झाली होती, मी ती पदरानं पुसून डब्यात ठेवली.

उत्तरार्धात आम्ही दोन गोल खाल्ले. नऊ नंबरला एक सोपी संधी मिळाली होती, गोलकीपर पुढे आलेली, जाळं मोकळं. तिनं बारवरून मारला. स्कार्फचा त्यात काही दोष नाही, तिला डावा पाय टाकायला नेहमीच उशीर होतो.

आमची फेरी तिथे संपली. पुढच्या वर्षी कोरोना आला, स्पर्धाच झाल्या नाहीत, आणि ती दहावी होऊन गेली. ३० जुलै २०२३ ला तिचा मला मोबाइलवर एक फोटो आला. मोरोक्कोची नुहैला बेन्झिना, बायकांच्या विश्वचषकात, ॲडलेडला, दक्षिण कोरियाविरुद्ध. विश्वचषकात डोकं झाकून खेळलेली पहिली. त्याच्या आदल्याच महिन्यात फ्रान्समधल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं तिथल्या फुटबॉल महासंघाची स्कार्फबंदी उचलून धरली होती. तिनं फोटोखाली फक्त लिहिलं होतं, 'मॅडम, बघा, पिन नाही.' मोरोक्को एक-शून्य जिंकलं होतं.

पण त्या दिवशी, सामना हरल्यावर, मैदानाच्या कडेला डबा उघडून मी पुड्या वाटत होते. कुणाला कुणाचा दोरा गेला, त्यावरून भांडण. नऊ नंबर बायकांच्या खोलीत जाऊन आली, कोरडा स्कार्फ घालून, आणि खेळातला मला दिला. पिळला तर पाणी गळालं.

"मॅडम, मास्तरांना सांगाल का? कानावरची जाळी अजून दोन बोटं मोठी."

"ऐकू येत नव्हतं?"

"तुम्ही 'मागे ये' म्हणत होता का 'मार गं'?"

मी 'मागे ये' म्हणत होते.

"मला 'मार गं' ऐकू आलं," ती म्हणाली, आणि बूट सोडायला बसली.